अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी टोनी : सिसिली टायसन

2013 सालचं ब्रॉडवे. 'द ट्रिप टू बाउंटिफुल' नाटकात एक म्हातारी आपल्या जुन्या गावी जायला निघते आणि वाटेत भजन गाऊ लागते. प्रेक्षकही बसल्या जागी तिच्याबरोबर गायचे! ती म्हातारी म्हणजे सिसिली टायसन. तीस वर्षांनी ब्रॉडवेवर परतलेल्या या बाईंनी 88व्या वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा टोनी पटकावला.

जन्म 1924चा, वाढल्या न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये. 1961मध्ये झाँ जने यांच्या 'द ब्लॅक्स' नाटकात त्या जेम्स अर्ल जोन्स आणि माया अँजेलो यांच्यासोबत होत्या. दोन वर्षांनी 'ईस्ट साइड/वेस्ट साइड' मालिकेत त्या स्वतःच्या नैसर्गिक कुरळ्या केसांत दिसल्या. त्या काळी टीव्हीवर कृष्णवर्णीय अभिनेत्रीसाठी हे धाडसच!

पण त्यांचं खरं शिखर म्हणजे 1974चा टीव्हीपट 'द ऑटोबायोग्राफी ऑफ मिस जेन पिटमन'. गुलामीत जन्मलेली जेन तरुणपणापासून 110व्या वर्षापर्यंत त्यांनी एकटीने उभी केली. मेकअप अफलातून आहेच, पण शेवटी फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या नळाकडे चालत जाणारी म्हातारी पाहा. त्या चालीला कुठला मेकअप लावणार? या एका भूमिकेने त्यांना दोन एमी मिळवून दिले.

त्याआधी 'साउंडर' चित्रपटासाठी ऑस्कर नामांकन मिळालं होतं. मानद ऑस्कर मात्र 2018मध्ये. मधल्या काळात, 2015मध्ये, नव्वदीतल्या टायसन 'द जिन गेम' नाटकात पुन्हा जेम्स अर्ल जोन्स यांच्यासमोर पत्ते खेळायला बसल्या.