कॉफी कुठली? ब्रँडच्या कॅफेतली की नाक्यावरच्या हॉटेलातली?

मोठ्या शहरांतल्या आपल्या घरांत हल्ली एक वाद ऐकू येतो. मुले म्हणतात, भेटायचे तर ब्रँडच्या कॅफेत. वडील म्हणतात, तीनशे रुपयांत काय सोने घालून देतात? नाक्यावर पंचवीस रुपयांत मिळते की! दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून हा वाद थोडा समजून घेतला पाहिजे.

कॉफी आपल्याला परकी नाही. 'कॉफी' हा शब्दच अरबी 'कहवा'वरून आला. पंधराव्या शतकात यमनमधील सूफी रात्रीच्या जिक्रमध्ये जागे राहण्यासाठी कहवा पीत. 'मोका' हे कॉफीचे नाव यमनच्या मोखा बंदराचे. आपल्या देशात कॉफी आणण्याचे श्रेय परंपरेने बाबा बुडन यांना दिले जाते. सतराव्या शतकात हजहून परतताना त्यांनी सात बिया आणल्या व चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे सांगतात. तो डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

कॉफीचे दुकान म्हणजे पहिल्यापासून बसण्या-बोलण्याची जागा. मक्केत 1511 साली खैर बेगने कॉफीवर बंदी घातली. लोक तिथे जमून गप्पा मारतात, हेही त्याला खुपत होते. ती बंदी टिकली नाही. पुढे इस्तंबूलमध्ये कॉफीखाने निघाले आणि तिथे शायर, व्यापारी, विद्यार्थी एकत्र बसू लागले.

म्हणजे ब्रँडवाल्यांनी नवे काही शोधून काढलेले नाही. स्टारबक्सचे पहिले दुकान 1971 साली अमेरिकेतील सिएटलमध्ये निघाले, पण तिथे मुख्यतः कॉफीच्या बिया विकल्या जात. 1983 साली हॉवर्ड शुल्त्झ इटलीतील मिलानला गेले. तिथल्या गल्लीबोळांतील छोटी कॉफीची दुकाने पाहून त्यांना आजच्या धर्तीच्या कॅफेची कल्पना सुचली. नाक्यावरच्या दुकानाची नक्कल करूनच ही साखळी मोठी झाली. भारतात ती टाटांबरोबर 2012 साली आली आणि तिचे पहिले दुकान मुंबईत हॉर्निमन सर्कलला उघडले.

आता पैशांचा हिशेब पाहू. एका कपाला साधारण 15 ते 20 ग्रॅम पूड लागते. पुडीचा भाव किलोला हजार रुपये धरला तरी ती 15-20 रुपयांची झाली. बाकीचे पैसे दूध-साखरेबरोबर जागेचे भाडे, एसी, पगार, सजावट आणि नाव यांचे. आठवड्यातून एकदाच तीनशेची कॉफी घेणारा मुलगा वर्षाला 15,600 रुपये खर्च करतो. एवढ्यात एखाद्या कोर्सची फी निघू शकते. केवळ फोटो टाकण्यासाठी हा खर्च होत असेल, तर ती फिजूलखर्चीच.

पण मुलींचे म्हणणेही ऐकले पाहिजे. आपल्या मोहल्ल्यातील बहुतेक हॉटेलांत पुरुषच बसलेले असतात. कॉलेजात जाणाऱ्या दोन मैत्रिणी पुस्तके घेऊन तासभर बसतील, अशी जागा तिथे कुठे आहे? ब्रँडच्या कॅफेत त्यांच्याकडे कोणी रोखून पाहत नाही, स्वच्छतागृह असते, उठा म्हणून कोणी मागे लागत नाही. ही सोय त्या पैसे देऊन विकत घेतात. कॉफीची चव हा त्यातला लहानसा भाग. नाक्यावरचे हॉटेल टिकवायचे असेल तर या गोष्टीचा विचार करावाच लागेल.

मोठ्या कंपन्यांपुढे छोट्यांचा टिकाव लागत नाही, असे मात्र नाही. स्टारबक्स 2000 साली ऑस्ट्रेलियात गेली आणि 2008 साली तिने तिथली 61 दुकाने बंद केली. इटली व ग्रीसहून आलेल्या कुटुंबांनी तिथे चांगल्या कॉफीची सवय आधीच लावली होती. गिऱ्हाईकाला नावाने ओळखणारा दुकानदार सोडून लोक जाईनात. आपल्याकडेही 1996 साली बेंगळुरूत सुरू झालेली कॅफे कॉफी डे देशभर पसरली, पण पुढे कर्जात सापडून तिला शेकडो दुकाने बंद करावी लागली. याउलट इंडियन कॉफी हाऊस पाहा. कॉफी बोर्डाने नोकरीवरून काढलेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने 1957 साली सहकारी संस्था काढली. मालक नाही, कामगारच भागीदार. अशी कॉफी हाऊसे आजही अनेक शहरांत चालू आहेत.

मुंबई-पुण्यातली इराणी हॉटेले मात्र एकेक करून मिटत चालली. झरतुष्ट्री आणि मुस्लिम, दोन्ही इराण्यांनी ती उभारली होती. बन मस्का आणि चहावर तिथे गरीब-श्रीमंत एकाच टेबलाला बसत. ती जागा गेली की मोहल्ल्याची बैठक जाते आणि तिथे काम करणाऱ्यांची रोजीही.

म्हणून दोघांनाही सांगणे आहे. हॉटेलवाल्या भावांनो, दोन टेबले कुटुंबांसाठी राखा, स्वच्छतागृह नीट ठेवा, मुलींना निर्धास्त बसता येईल असे वातावरण ठेवा. यासाठी एसी लागत नाही. आणि पालकांनो, मुलांना नुसते रागावू नका. आठवड्यातून एकदा त्यांना घेऊन नाक्यावरच्या हॉटेलात जा. आई, बहीण, मुलगी सोबत बसू लागल्या की त्या हॉटेलाचे रूप आपोआप बदलेल. कधीमधी ब्रँडच्या कॅफेत गेल्याने काही बिघडत नाही. मात्र आपला रोजचा पैसा कुणाच्या चुलीपर्यंत पोहोचतो, याचा हिशेब घरात एकदा जरूर मांडावा.