खेळातील सुरावट सभागृहात : व्हिडिओ गेमच्या संगीताचा अर्थविचार

'इथे', 'आता', 'तो' यांसारख्या निर्देशक शब्दांचा अर्थ केवळ कोशावरून ठरत नाही. कोण, कोठे व केव्हा बोलत आहे हे कळले तरच तो निश्चित होतो. व्हिडिओ गेममधील संगीताचे स्वरूपही बहुतांशी असेच आहे. एक सुरावट 'आता संकट आहे' असे सांगते, तर दुसरी 'हे स्थान निर्धास्त आहे' असे सुचविते; परंतु हे 'आता' आणि हे 'स्थान' पडद्यावर चाललेल्या खेळातच असतात. अशा सुरावटी खेळापासून अलग करून वाद्यवृंदाने श्रोत्यांपुढे वाजविल्या, तर त्यांच्या अर्थाचे काय होते, हा प्रश्न संगीताइतकाच भाषेच्या अभ्यासकालाही विचारार्ह वाटावा.

या संगीताचे पहिले वैशिष्ट्य असे की, त्याची गती व क्रम खेळणाऱ्याच्या कृतीवर अवलंबून असतात. 1978 च्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळात केवळ चार मंद्र स्वर पुनःपुन्हा उमटतात आणि शत्रू जसजसे कमी होतात तसतशी त्यांची लय द्रुत होत जाते. 1985 च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' मध्ये कोजी कोंडो यांची सुरावट ठरलेला वेळ संपत आला की वेग घेते. पुढे ल्यूकसआर्ट्स या संस्थेत मायकेल लँड व पीटर मॅकॉनेल यांनी तयार केलेली योजना 1991 च्या 'मंकी आयलंड 2' मध्ये योजली गेली. तीमुळे पात्र एका ठिकाणाहून दुसरीकडे गेले असता एक सुरावट दुसरीत खंड न पडता मिसळू लागली. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे अशा संगीताला बहुधा शेवट नसतो. खेळणारा जागीच थांबला तर तेच आवर्तन चालू राहते. तो पुढे गेला तर ते मध्येच तुटते. सारांश, येथे रचना संगीतकाराची असली तरी तिची लांबी खेळणाराच ठरवितो.

याहून अधिक लक्षणीय गोष्ट वादनाची आहे. 1983 मध्ये जपानात विक्रीस आलेल्या 'फॅमिकॉम' या यंत्रात ध्वनीसाठी अवघ्या पाच वाहिन्या होत्या. त्यांपैकी एक केवळ खरखरीसारख्या नादासाठी, तर एक ध्वनिमुद्रित आवाजाच्या तुकड्यांसाठी होती. खेळात ऐकू येणारे संगीत ही चिप त्या त्या क्षणी निर्माण करीत असे. वादक असा कोणी नसेच. मराठी नाट्यपद रंगभूमीवरून मैफलीत आले, तेव्हा ते मुळातच मानवी कंठातून उमटलेले होते. 'ड्रॅगन क्वेस्ट' (1986) या खेळाचे संगीतकार कोइची सुगियामा (1931–2021) यांनी 20 ऑगस्ट 1987 रोजी टोकियोच्या सनटोरी सभागृहात त्या संगीताची मैफल घडवून आणली, तेव्हा मात्र यंत्रातून ऐकलेल्या सुरावटी वादकांच्या हातांतून श्रोत्यांसमोर उमटल्या. म्हणून अशा मैफलीस मूळ संगीताची नक्कल म्हणणे यथार्थ होणार नाही. वादन या अर्थाने तीच त्याची पहिली सिद्धी होय.

ही प्रथा पुढे जपानबाहेर पसरली. 2003 मध्ये लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहात, 2005 मध्ये लॉस एंजेलिसच्या हॉलिवुड बोल येथे आणि 2022 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसीच्या 'प्रॉम्स' महोत्सवात असे कार्यक्रम झाले. मात्र या विस्ताराबरोबर मूळ अडचण सुटली नाही. सभागृहात 'आता' कोणते, हे सांगावयास खेळ नसतो.

या अडचणीवर दोन मार्ग काढण्यात आलेले दिसतात. पहिला मार्ग हरवलेला प्रसंग परत आणण्याचा. हॉलिवुड बोल येथे आरंभ झालेल्या 'व्हिडिओ गेम्स लाइव्ह' या कार्यक्रमात वाद्यवृंदाच्या वर पडद्यावर खेळाची दृश्ये दाखविली जातात. एवढेच नव्हे, तर प्रेक्षकांपैकी कोणास रंगमंचावर बोलावून खेळावयास लावतात आणि त्याच्या खेळाबरहुकूम वाद्यवृंद वाजवितो. दुसरा मार्ग प्रसंगावाचून उभी राहील अशी रचना करण्याचा. 2009 मध्ये कोलोन येथे झालेल्या 'सिंफनिक फँटसीज' या मैफलीत एकेका खेळाच्या किंवा क्रीडामालेच्या सुरावटी गुंफून चार दीर्घ रचना सादर झाल्या. येथे आवर्तनाला आरंभ, विस्तार व समाप्ती लाभते. जे बाहेरच्या प्रसंगाकडून मिळत होते ते रचनेच्या अंतर्गत संबंधांतून मिळवावे लागते. भाषेचा दृष्टान्त द्यावयाचा तर, पहिला मार्ग उद्गाराबरोबर प्रसंगाचे वर्णन जोडतो, दुसरा उद्गाराचेच वाङ्मय करतो.

तथापि श्रोता या दोहोंच्या मध्ये उभा असतो. ज्याने तो खेळ खेळला आहे, त्याने ती सुरावट शेकडो वेळा ऐकलेली असते आणि तिची लांबी स्वतः ठरविलेली असते. सभागृहात प्रथमच त्याचे हात रिकामे असतात. तो जे ऐकतो त्यात वादकांच्या स्वरांबरोबर त्याचा स्वतःचा पूर्वीचा खेळही मिसळलेला असतो. म्हणूनच पहिले दोन-चार स्वर उमटताच ओळखीची टाळी पडू शकते. ज्याने तो खेळला नाही, त्याच्याजवळ ही शिदोरी नसते. त्याच्यासाठी दुसऱ्या मार्गाची रचनाच कसोटीस उतरावी लागते.

या संदर्भात क्रिस्टोफर टिन यांच्या 'बाबा येतू' या गीताचे उदाहरण उद्बोधक आहे. 'सिव्हिलायझेशन 4' (2005) या खेळासाठी रचलेल्या आणि ख्रिस्ती प्रार्थनेचे स्वाहिली शब्द असलेल्या या गीतास 2011 मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. व्हिडिओ गेमसाठी रचलेल्या संगीतास मिळालेला हा पहिला ग्रॅमी होय. हे गीत खेळातील कोणत्याही घटनेला बांधलेले नाही. खेळ सुरू होण्यापूर्वीच्या पटावर ते वाजते. खेळाबाहेर सर्वांत दूर पोहोचलेल्या रचनांपैकी एक मुळातच खेळाच्या प्रसंगावर सर्वांत कमी अवलंबून असावी, हा केवळ योगायोग मानता येणार नाही.

यावरून असे म्हणता येईल की, सुरावटीचा अर्थ केवळ स्वरांत नसतो आणि केवळ ऐकणाऱ्याच्या स्मृतीतही नसतो. प्रसंग, रचना आणि स्मृती यांत तो वाटला गेलेला असतो. मैफल त्यांतील प्रसंग काढून घेते आणि उरलेल्या दोहोंवर किती भार पडू शकतो हे दाखविते. अर्थविचाराच्या अभ्यासकाने एकाच मैफलीतील जाणता व अजाण असे दोन श्रोते शेजारी बसवून त्यांचे ऐकणे तपासले, तर निर्देशक शब्दांविषयीच्या आपल्या सिद्धान्तांनाही त्यातून नवी कसोटी लाभेल.