आयटीआयच्या समितीवर कोण बसतं?

कोणतं कौशल्य शिकवायचं, हे ठरवताना स्थानिक उद्योगाचं मत यावं म्हणून केंद्र सरकारने २००७-०८ मध्ये देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआयसाठी योजना आणली. प्रत्येकी अडीच कोटींपर्यंतचं बिनव्याजी कर्ज, आणि त्याचा विनियोग ठरवायला संस्था व्यवस्थापन समिती. अध्यक्ष संस्थेशी जोडलेल्या उद्योग-भागीदाराचा, स्थानिक उद्योगांतले आणखी चार सदस्य तो भागीदारच सुचवतो. पाच जण राज्य सरकारचे, त्यांत जिल्हा रोजगार अधिकारी आलाच. प्राचार्य सदस्य-सचिव.

खरी मेख त्या चार नावांत आहे. उदाहरणार्थ, पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावात उद्योग म्हणजे फक्त विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखाने नव्हेत. नारायणगावचा टोमॅटो बाजार, मंचरची बाजार समिती, द्राक्षबागा, ट्रॅक्टरची गॅरेजं, यांच्या भोवतीही वायरमन आणि मेकॅनिक लागतातच. पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यात हिरडा गोळा होतो. त्यावर प्रक्रिया करू पाहणारा कुणी समितीत हवा, असं नियम सांगत नाही. ते सुचवणाऱ्यानेच मनावर घ्यायचं. चाकणचा मोठा कारखानदार भागीदार मिळाला तर पोरांना नोकऱ्या मिळतीलही, पण त्या चाकणला.