स्कॅनरची नोंद

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचं दफ्तर एका पत्र्याच्या ट्रंकेत आहे. फ्लॅटमालकीच्या १९६३च्या कायद्यानुसार, करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरनं जमीन तिच्या नावे करून द्यायची असते. आमच्या बाबतीत ते राहून गेलं. आता मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरशिवाय जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्यासाठी, ठाण्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, म्हणून करारनामे, इंडेक्स टू, सातबारा, मंजूर नकाशा असं सगळं स्कॅन करणं आलं. सेक्रेटरी मी, त्यामुळे ट्रंक माझ्या घरी आली.

घरी वायफायवर चालणारा प्रिंटर-स्कॅनर आणि उबुंटू लिनक्सचा डेस्कटॉप आहे. छपाई रोज होते, पण स्कॅनिंगच्या प्रोग्रॅमला स्कॅनर दिसेचना.

लिनक्सवर स्कॅनिंगचं काम 'सेन' ही मुक्त प्रणाली करते. पूर्वी एकेका मॉडेलसाठी ड्रायव्हर शोधत बसावं लागे. आता बहुतेक वायफाय यंत्रांना ईएससीएल ही सामाईक भाषा येते, आणि 'सेन-एअरस्कॅन' ती सेनला समजावून देतं. ते माझ्याकडे आधीच होतं. म्हणजे अडचण भाषेची नव्हती.

मग एकेक सांधा तपासला. यंत्राच्या आयपी पत्त्यावर पिंग केलं, लगेच उत्तर आलं. ब्राउझरमध्ये तोच पत्ता टाकला, तर यंत्राचं सेटिंगचं पान उघडलं. छपाई चालत होती, कारण तिच्यासाठी हा पत्ता मी पूर्वीच नोंदवून ठेवला होता. स्कॅनर मात्र संगणकानं स्वतः शोधायचा होता.

हा शोध हाकेनं चालतो. संगणक ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवरून नेटवर्कभर हाक मारतो आणि यंत्रानं ओ द्यायची असते. माझा डेस्कटॉप राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर होता, स्कॅनर २.४वर. काही राउटर या दोन पट्ट्यांमध्ये नेमका पत्ता असलेला निरोप पोचवतात, पण सर्वांसाठीची हाक पलीकडे जाऊ देत नाहीत. 'अ' विंगच्या जिन्यात मारलेली हाक 'ब' विंगला ऐकू येत नाही, पण खोली नंबर लिहिलेली चिठ्ठी बरोबर पोचते, तसंच हे. खात्रीसाठी डेस्कटॉप २.४वर आणला आणि स्कॅनर यादीत आला.

कायमचा उपाय एका ओळीचा होता. एअरस्कॅनच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये, उपकरणांच्या भागात, स्कॅनरचं नाव, पत्ता आणि 'ईएससीएल' लिहिलं. राउटरमध्ये तो पत्ता स्कॅनरसाठी राखून ठेवला, नाहीतर उद्या बदलला की ओळ निरुपयोगी. डेस्कटॉप पुन्हा ५वर नेला, तरी स्कॅनर जागेवर होता.

मग खरं काम सुरू झालं. जुने करारनामे लीगल कागदावर, १४ इंच लांब. स्कॅनरची काच ए-फोरची, पावणेबारा इंचांच्या आत. एका फेरीत खालच्या सह्या बाहेर राहतात, आणि सह्यांसाठीच तर तो कागद जपलेला. म्हणून प्रत्येक पान दोनदा ठेवलं, ३०० डीपीआयवर, शिक्के नीट वाचता येतील असं.

इमारत उभी आहे, माणसं नांदताहेत, पण जमिनीच्या नोंदीत सोसायटीचं नाव नाही. त्या एका राहिलेल्या नोंदीपायी ही सगळी ट्रंक उपसावी लागली. म्हणून स्कॅनरचा पत्ता आणि फाइलमधली ती ओळ कागदावर लिहून मी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. पुढच्या सेक्रेटरीला ती झाकण उघडताच दिसेल.