मुका ‘ई’

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत रिसोड तालुक्यातील आमच्या गावी गेलो, तेव्हा दुसरीतला भाचा इंग्रजीचे पुस्तक घेऊन बसला होता. ‘माय नामे इज’ असे त्याने वाचले आणि माझ्याकडे पाहून एकदम थांबला. वर्गात याच शब्दावर हशा पिकला होता म्हणे. तेव्हापासून इंग्रजीच्या तासाला त्याचे पोट दुखू लागले होते. मी ‘नेम’ असे सुधारून दिले. तो म्हणाला, “मामा, बोलत नाही त मंग कायले बसोला त्या ‘ई’ले तिथी?”

इंग्रजी वाङ्मय घेऊन बी. ए. करणाऱ्या मला उत्तर देता येईना. आम्हाला ‘पाठ करा’ एवढेच सांगितले गेले होते.

सुट्टी संपल्यावर ग्रंथालयात भाषेच्या इतिहासाची पुस्तके चाळली आणि थक्क झालो. चौदाव्या शतकात, कवी चॉसरच्या काळी, हा शब्द साधारण ‘नामऽ’ असाच उच्चारीत. ‘टाइम’ हा ‘टीमऽ’ होता. पुढे शेवटचा स्वर बोलण्यातून गळाला, पण लेखणीतून गेला नाही. नंतरच्या दोन-तीनशे वर्षांत दीर्घ स्वरच जागचे हलले. ‘आ’चा ‘ए’ झाला, ‘ई’चा ‘आय’. १५८२ साली रिचर्ड मल्कास्टर या लंडनच्या शिक्षकाने या मुक्या अक्षराला कामच नेमून दिले : आधीचा स्वर दीर्घ आहे, एवढी खूण करायची. म्हणजे आमचा भाचा चुकला तो सहाशे वर्षांनी!

पण दुसरीतल्या पोराला चॉसर काय सांगणार? मग मराठीच आठवली. ‘मूल’ शब्दातल्या ‘ल’मध्ये ‘अ’ लिहिलेला आहे, आपण तो बोलत नाही. आणि त्याच्या आधीचा ‘मू’ दीर्घ. ‘मुलाला’ म्हटले की शेवट बोलू लागतो आणि ‘मु’ ऱ्हस्व होतो. आपला ‘वाशीम’ घ्या, आणि ‘वाशिमला’ घ्या. (पाट्यांवर सर्रास ‘वाशिम’ असते, ते सोडा.) मराठीत फक्त लांबी बदलते, इंग्रजीत स्वरच पालटतो, हा फरक आहेच, पण गप्प बसलेला शेवट मागच्या स्वराला ताणतो, ही गोष्ट पोराच्या कानाला परकी नव्हे.

पुढच्या खेपेला पाटीवर ‘टॅप’ लिहिले. शेवटी ‘ई’ लावून म्हटले, “हा बोलत नाही, पण मधल्या एका अक्षरावरून मागच्या स्वराला ढोसतो. मग तो स्वर आपले नावच सांगतो.” झाला ‘टेप’. ‘कॅप’चा ‘केप’, ‘किट’चा ‘काइट’, ‘हॉप’चा ‘होप’, ‘कट’चा ‘क्यूट’. अर्थ न सांगता नुसत्या जोड्या वाचून घेतल्या. त्याने स्वतःच ‘ई’ पुसून आणि पुन्हा लावून पाहिला. पाटी तासभर सोडली नाही.

२००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे. शब्दांचे पाठांतर मात्र पाचवीपासून इंग्रजी असलेल्या पिढीसारखेच चालू राहिलेले मी पाहतो. अपवाद आहेत, नाही कसे? ‘हॅव्ह’, ‘गिव्ह’, ‘लव्ह’ यांच्या शेवटी ‘ई’ येतो तो निराळ्या कारणाने : इंग्रजीत शब्दाच्या शेवटी ‘व्ही’ उघडा ठेवत नाहीत. पण अपवाद जोड्या पक्क्या झाल्यावर दाखवावेत, आधी नाही.

परवा बहिणीचा फोन आला. पोट दुखायचे थांबले आहे. आता तो ‘हॅव्ह’ला ‘हेव्ह’ म्हणतो आणि मामाने सांगितले म्हणून सगळ्यांशी भांडतो. त्याचा निकाल उन्हाळ्याच्या सुट्टीत लावायचा आहे.