विश्लेषण : विजेचा मनोरा पाडणे हा राज्यविरोधी अपराध केव्हा ठरतो?

भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने १९४२ मध्ये कर्जत परिसरातून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. ब्रिटिश सरकारच्या लेखी तो राज्याविरुद्धचा गुन्हा होता, आपल्या लेखी ते स्वातंत्र्ययुद्ध आहे. फौजदारी कायद्यातील 'राज्यविरोधी अपराध' हे प्रकरण मात्र तेव्हा होते तसे आजही आहे. फक्त १ जुलै २०२४ पासून त्याचा पत्ता बदलला आहे. एकाच मनोऱ्यासाठी दहा हजारांच्या दंडापासून जन्मठेपेपर्यंत काहीही का होऊ शकते, हे समजून घ्यायला कर्जत-खालापूरइतके चांगले उदाहरण नाही.

मनोरे इथेच का?

खालापूर तालुक्यातील खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी मोठ्या नळांतून कोकणात उतरवायचे आणि त्या पडत्या पाण्यावर जनित्रे फिरवायची, अशी ही योजना. तिच्याच जोडीला १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र आले. मुंबईच्या कापडगिरण्या या विजेवर चालत. म्हणजे मुंबईचा गिरणगाव आणि कर्जतचे रान हे उंच मनोऱ्यांवरून गेलेल्या तारांनी एकमेकांना बांधलेले होते. तारा तोडल्या की गिरण्या थांबतात आणि गिरण्या थांबल्या की युद्धाचा माल थांबतो, हे गणित १९४२ मध्ये कुणालाही कळण्यासारखे होते.

विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानचा. नाभिक समाजातील साध्या कुटुंबातला हा मुलगा वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि कोतवाल भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात अकरा मनोरे पाडल्याची नोंद आहे. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठले. त्या गोळीबारात भाई कोतवाल आणि नेरळजवळच्या मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील यांना हौतात्म्य आले.

वकील असलेल्या या माणसाला आपण काय करतो आहोत आणि त्याला कायद्यात काय म्हणतात, हे नेमके ठाऊक असणार. पण मनोरे पाडल्याबद्दल तो न्यायालयासमोर कधी उभाच राहिला नाही. कलम कोणते, हा प्रश्न बंदुकीने निकालात काढला.

तेव्हाच्या कायद्यात याला काय म्हणत?

दोन वाटा होत्या. पहिली भारत संरक्षण कायदा, १९३९ आणि त्याखालील नियमांची. महायुद्ध सुरू असल्याने घातपात, अफवा, पत्रके, सभा असे सगळेच त्यात बसत असे. दुसरी वाट १८६० च्या भारतीय दंड संहितेची. तिच्या सहाव्या प्रकरणातील कलम १२१ म्हणजे सरकारविरुद्ध युद्ध पुकारणे. शिक्षा फाशी किंवा काळे पाणी. मूळ कलमात 'राणीविरुद्ध युद्ध' असे शब्द होते. १९५० मध्ये 'राणी' काढून तिथे 'भारत सरकार' घातले गेले आणि पुढे काळ्या पाण्याची जन्मठेप झाली. बाकी वाक्य जवळपास तसेच राहिले. आज हेच कलम भारतीय न्याय संहितेत १४७ या क्रमांकाने आहे आणि संपूर्ण प्रकरण कलम १४७ ते १५८ मध्ये येते.

'युद्ध' म्हणायला फौज लागते का?

नाही. मगनलाल राधाकृष्ण खटल्यात नागपूर उच्च न्यायालयाने १९४६ मध्ये याची फोड केली. माणसे किती, हत्यारे कोणती, याला महत्त्व नाही. जमाव कोणत्या हेतूने जमला, हे पाहायचे. जमीनदाराशी किंवा कारखानदाराशी असलेला हिशेब चुकता करायला लोक हिंसा करत असतील तर ती दंगल. पण बळाच्या जोरावर एखादे सार्वजनिक स्वरूपाचे उद्दिष्ट साधायचे आणि त्यासाठी थेट राज्याच्या अधिकारावर घाव घालायचा असेल तर ते युद्ध. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच निकालाचा आधार घेतला. २६/११ च्या हल्ल्यातील कसाबलाही युद्ध पुकारल्याच्या कलमाखाली दोषी धरले गेले.

या कसोटीवर आझाद दस्ता 'युद्ध'च करत होता, असे म्हणावे लागते. त्यांना ते नाकारायचेही नव्हते. कसाब आणि कोतवाल ही नावे एका परिच्छेदात आली की वाचकाला खटकणारच, खटकायलाही हवे. एका बाजूला नि:शस्त्र प्रवाशांवर गोळ्या, दुसऱ्या बाजूला लोखंडी मनोरे. पण कलमाची भाषा राज्य कोणाचे आणि ते न्याय्य आहे का, हे विचारत नाही. ते इतिहास ठरवतो आणि त्याला वेळ लागतो.

राजद्रोह यातलाच का?

प्रकरण तेच, गुन्हा वेगळा. युद्धाचे कलम कृतीसाठी आहे, राजद्रोहाचे शब्दांसाठी होते. कलम १२४ अ हे १८७० मध्ये घातले गेले. लोकमान्य टिळकांना त्याखाली १८९७ मध्ये दीड वर्ष आणि १९०८ मध्ये सहा वर्षे शिक्षा झाली. १९६२ च्या केदारनाथ सिंह निकालाने हे कलम हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी देण्यापुरते मर्यादित केले. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर स्थगित ठेवला. नव्या संहितेत 'राजद्रोह' हा शब्द नाही. त्याच्या जागी कलम १५२ आहे : फुटीरता, सशस्त्र बंड किंवा विध्वंसक कारवायांना चिथावणी देणे, फुटीर भावनांना उत्तेजन देणे, देशाचे सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणणे. पूर्वी जन्मठेप किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होती, आता जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत. (चर्चेत सर्रास वापरला जाणारा 'देशद्रोह' हे या कलमाचे नाव पूर्वीही नव्हते, आताही नाही.)

आज कुणी मनोरा पाडला तर?

इथे खरी गुंतागुंत आहे. समजा, खालापूरच्या एखाद्या गावात जमिनीच्या मोबदल्यावरून वाद आहे आणि रागाच्या भरात कुणी टॉवरचे पाय कापले.

सर्वात सौम्य तरतूद विद्युत कायदा, २००३ च्या कलम १४० मध्ये आहे. वीजपुरवठा तोडण्याच्या हेतूने वाहिनीचे नुकसान केले तर दहा हजार रुपयांपर्यंत दंड. न्याय संहितेच्या कलम ३२४ नुसार लाखाच्या वर नुकसान केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. मनोरा महापारेषणचा, म्हणजे सरकारी कंपनीचा असेल तर सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंधक कायदा, १९८४ लागतो. वीज, पाणी यांच्याशी संबंधित मालमत्तेसाठी त्यात किमान सहा महिने, कमाल पाच वर्षे. आग किंवा स्फोटके वापरली तर किमान एक, कमाल दहा वर्षे. मनोरा खासगी कंपनीचा असेल तर मात्र हा कायदा सरसकट लागू होत नाही. १९४२ मधले मनोरे खासगी कंपनीचेच होते, हे या निमित्ताने आठवते.

आणि शेवटची पायरी. स्फोटके किंवा तत्सम घातक साधनांनी, देशाची एकता, सुरक्षा किंवा सार्वभौमत्व धोक्यात आणण्याच्या अथवा लोकांत दहशत पसरवण्याच्या हेतूने 'जनजीवनास आवश्यक पुरवठा किंवा सेवा' विस्कळीत केली, तर ते दहशतवादी कृत्य. ही व्याख्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएत आहे आणि आता न्याय संहितेच्या कलम ११३ मध्येही आहे. कुणाचा जीव गेला नसला तरी किमान पाच वर्षे, कमाल जन्मठेप.

पडलेला मनोरा तोच. फरक साधनाचा आणि त्याहून अधिक हेतूचा. हेतू कुणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो. तो भाषणांवरून, पत्रकांवरून, मोबाइलमधल्या संदेशांवरून काढला जातो.

मग ठरवतो कोण?

पहिल्या टप्प्यावर पोलीस. दहशतवादी कृत्याचा गुन्हा कलम ११३ खाली नोंदवायचा की यूएपीएखाली, हे पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारी ठरवतो, असे संहितेतच म्हटले आहे. कर्जत-खालापूरसाठी हा निर्णय अलिबागला होणार. वरवर तांत्रिक वाटणाऱ्या या निवडीवर आरोपीची पुढची काही वर्षे अवलंबून असतात. यूएपीएत कलम ४३ ड (५) आहे. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की न्यायालयाला जामीन देताच येत नाही. आरोपपत्रासाठीही १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. कलम ११३ मध्ये जामिनाची अशी बंदी नाही. एकाच कृत्यासाठी दोन कायदे, शिक्षा जवळपास सारखी, पण एकात जामिनाचे दार जवळपास बंद. निवड कोणत्या निकषावर करायची, हे मात्र संहितेत लिहिलेले नाही आणि हीच तिची सर्वात कच्ची बाजू आहे.

राज्यविरोधी अपराधांच्या प्रकरणाला एक कुंपण आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ नुसार केंद्र किंवा राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालय अशा गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. पण अटकेला ही मंजुरी लागत नाही. माणूस आधी आत जातो, मंजुरीची फाइल नंतर फिरते.

फोनवरून पुढे पाठवलेल्या मजकुराचे काय?

कलम १५२ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक संप्रेषण' स्पष्टपणे आले आहे. ते दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. मात्र कृती जाणीवपूर्वक किंवा हेतुपुरस्सर असावी लागते आणि सरकारी धोरणांवर कायदेशीर बदलासाठी केलेली टीका गुन्हा नाही, असा खुलासा कलमाखाली आहे. महाराष्ट्रात आणखी एक संदर्भ आहे. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांच्यावर राजद्रोहाचे कलम लावल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयासमोर २०१५ मध्ये काही अटी निश्चित झाल्या. कलम लावण्यापूर्वी जिल्हा विधी अधिकाऱ्याचे लेखी, सकारण मत आणि त्यानंतर दोन आठवड्यांत सरकारी वकिलाचे मत. पण त्या अटी १२४ अ साठी होत्या. १५२ च्या मजकुरात त्या कुठेही नाहीत.

कलम १५२ च्या वैधतेला आव्हान देणाऱ्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राला नोटीस काढली. याचिकाकर्ते निवृत्त मेजर जनरल एस. जी. वोंबटकेरे. १२४ अ ला आव्हान देणारेही तेच होते.