माळवद, स्लॅब आणि घर बांधायची पुस्तकं

जुन्या पुस्तकांच्या दुकानात लोक कादंबऱ्या शोधतात, मी बांधकामाची पुस्तकं शोधतो. सार्वजनिक बांधकाम खात्याचं ‘रेड बुक’ हाताला लागावं, त्याच्या पानांवर सिमेंटच्या बोटांचे ठसे असावेत आणि समासात कुणा ओव्हरसियरने पेन्सिलीने हिशेब मांडलेला असावा, एवढीच माझी अपेक्षा. या नादापायी नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं) फिरताना एक खोड जडली. समोरची इमारत कुठल्या पुस्तकातून उतरली असेल, याचा अंदाज बांधायचा.

जगातल्या अशा पुस्तकांची गोष्ट झटपट उरकतो. १८९६ साली लंडनच्या फ्लेचर पितापुत्रांनी वास्तुकलेचा तौलनिक इतिहास लिहिला. १९०१च्या आवृत्तीत त्यांनी भारत, चीन, जपान आणि इस्लामी वास्तू ‘अनैतिहासिक’ म्हणून वेगळ्या कप्प्यात टाकल्या. आर्किटेक्ट ग्रोपिअसच्या हाताखाली काम केलेल्या एर्न्स्ट नॉयफर्टचं मापांचं पुस्तक १९३६ मध्ये आलं. खुर्ची, टेबल, जिना, मोरी, सगळं माणसाच्या देहावरून मोजलेलं. आधुनिक वास्तुकलेला इतिहास नको होता, मापं हवी होती, म्हणून ते जगभर गेलं. मात्र त्यातला माणूस जर्मन. पाटावर मांडी घालून जेवणारा नव्हे.

आपल्याकडे ही उणीव काहींना आधीच जाणवली होती. नाशिकचे रावसाहेब कृष्णाजी विनायक वझे पेशाने इंजिनिअर. त्यांनी संस्कृत शिल्पग्रंथ चाळून १९२४ मध्ये ‘प्राचीन हिंदी शिल्पशास्त्रसार’ काढलं. पण माझे लाडके लेखक पुण्याचे आर. एस. देशपांडे. तेही इंजिनिअर. १९३१ मध्ये ‘रेसिडेन्शियल बिल्डिंग्ज सूटेड टू इंडिया’, १९३५ मध्ये मध्यमवर्गासाठी स्वस्त आणि आरोग्यदायी घरांचं पुस्तक, १९३९ मध्ये ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’. हा माणूस इंजिनिअरशी बोलत नाही, घरमालकाशी बोलतो. पगारदार माणसाने कर्ज काढून वाड्याबाहेर घर बांधायचं ठरवलं, तर त्याच्या हातात नकाशा असावा, ही धडपड. माझ्या मते महाराष्ट्रातल्या ‘बंगली’ नावाच्या प्रकाराची सुरुवात अशा पानांत शोधावी, मोठ्या आर्किटेक्टांच्या चरित्रांत नाही.

तरीही नगर जिल्हा कुठल्याही एका पुस्तकात मावणारा नाही. पश्चिमेला अकोले, भंडारदऱ्याकडचा धो धो पाऊस. तिथे कौलांचं उतरतं छप्पर. पूर्वेला पाथर्डी, जामखेड. तिथे पाऊस बेताचा आणि घरं धाब्याची, म्हणजे माळवदाची. एका जिल्ह्यात छपराचे दोन धर्म.

माळवदाजवळ मला थांबलंच पाहिजे. लाकडी खांबांवर तुळया, त्यांवर किलच्या दाटीने मांडलेल्या, वर पाला, मग चिखल आणि शेवटी गावच्या पांढरीची माती चोपून बसवलेली. जाडी चांगली फूटभर, कधी जास्तच. वरून किंचित उतार आणि पाणी काढायला पन्हळ. उजेडासाठी मधोमध सानं. मे महिन्यात भर दुपारी अशा घरात शिरलं की अंगावरचा घाम निवतो, कारण ती माती दिवसभराचं ऊन गिळून बसलेली असते. मात्र दर उन्हाळ्याच्या अखेरीस वर नवी माती टाकावी लागते. तो कंटाळा केला की पहिल्या पावसात घर गळतं. माळवद मोडलं ते या कंटाळ्यापायी आणि लाकडाच्या भावापायी, हेही खरं.

मग स्लॅब आला. भारतीय मानक ४५६, म्हणजे काँक्रीटची संहिता, पहिल्यांदा १९५३ साली निघाली. राष्ट्रीय इमारत संहिता १९७०ची. सळईवर काँक्रीटचं आवरण किती, क्युरिंग किती दिवस, सगळं छापील. स्लॅब अकोल्यातही तोच, जामखेडातही तोच. अकोल्यात तो गळतो आणि जामखेडात तापतो, पण त्याचा दर डी.एस.आर.मध्ये, म्हणजे सरकारी दरसूचीत, सापडतो! माळवद दुरुस्त करायचं म्हटलं तर इंजिनिअरला दरपृथक्करण, म्हणजे साहित्य-मजुरीचा तपशीलवार हिशेब, मांडत बसावं लागतं. इतका खटाटोप कोण करणार? छपराचा निकाल बऱ्याचदा हवामानाने नाही, दरसूचीने लावला.

जाता जाता याच जिल्ह्यातलं शनिशिंगणापूर. परंपरेने घरांना दारंच न बसवणारं हे गाव पुस्तकातलं दारं-खिडक्यांचं प्रकरण अर्धं निकालात काढतं. कुठल्या संहितेत बसवणार?

आणि नगर शहराजवळचा फराहबाग. नगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने १५८३ मध्ये पुरा केलेला, तळ्याच्या मधोमध उभा अष्टकोनी महाल. मध्ये घुमटाचं दालन, भोवती दोन मजली कमानी. तळं आता कोरडं. गिलावा जिथे पडला तिथे दगड-चुन्याचं पोट उघडं दिसतं. लोक ‘चांदबीबी महाल’ म्हणतात ती डोंगरावरची तीन मजली इमारत याच सलाबतखानाची कबर, तीही अष्टकोनी. फ्लेचरच्या हिशेबात ही सारी ‘अनैतिहासिक’ मंडळी. निजामशाहीच्या वास्तूंवर स्वतंत्र, सविस्तर ग्रंथ पाहायला मिळाला तो पुष्कर सोहोनी यांचा, २०१८ मध्ये. त्याच्या दोनच वर्षांनी, २०२० मध्ये, फ्लेचरच्या ग्रंथाची एकविसावी आवृत्ती नावात ‘जागतिक’ घेऊन आली. दोन्ही घटनांचा मला सारखाच आनंद आहे.

महालांना लेखक मिळाले. घरांना अजून मिळायचे आहेत. तुमच्या गावचं माळवद किंवा वाडा पाडायला काढला असेल तर जेसीबी बोलावण्याआधी एक दिवस काढा. टेप घ्या, खणाची रुंदी, तुळईची जाडी, मातीचा थर, सान्याचं माप वहीत उतरवा, आराखडा काढा, फोटो घ्या. जवळच्या आर्किटेक्चर कॉलेजला त्याची एक प्रत द्या.